वाशीच्या ऑफिसातला पैरा

या लेखात मला एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. आपल्या गावाकडची पैऱ्याची रीत शहरातल्या नोकरीत पाळता येते का? आणि पाळली, तर माणूस पुढे जातो की मागे राहतो? गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून पाठव, असे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळवले तेव्हा हाच प्रश्न मनात आला, कारण नवी मुंबईत आल्यापासून मी त्याच्याशीच झगडते आहे.

ज्यांनी गाव सोडून बराच काळ लोटला आहे, त्यांच्यासाठी आणि शहरातच जन्मलेल्या त्यांच्या मुलांसाठी पैरा म्हणजे काय ते आधी सांगते. आज मी तुमच्या रानात राबायचे, उद्या तुम्ही माझ्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. ज्याचे रान त्याच्या घरचे जेवण. हिशेब दिवसाला दिवस असा. गड्याचा दिवस मोठा आणि म्हातारीचा लहान, असे पैऱ्यात नसते. आणि पहिला मान मोठ्या शेतकऱ्याला नसतो. ज्याचे पीक आधी तयार होईल त्याच्या रानात सगळ्यांनी आधी जायचे.

मी गाव सोडले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात. घेवड्याची काढणी चालू होती. घेवडा वाळला की थांबत नाही. ऊन चढले की शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो, म्हणून दव असेतोवर झाडे उपटून घ्यावी लागतात. त्या दिवशी आईचा पैरा पारूकाकीच्या रानात होता. पारूकाकी आमच्या शेजारची, एकटी बाई, ओढ्याकाठी तिचा लहानसा तुकडा. आदल्या दिवशी मी आईला म्हणाले, "उद्या तरी नको जाऊस. मी चाललेय ना."

आई म्हणाली, "तू जाणार हे मला महिन्यापासून ठाऊक हाय. घेवड्याला कुठं ठाऊक हाय?"

मी रुसले. सकाळी अण्णा एकटेच मला फाट्यावर सोडायला आले. ते शाळेत गणित आणि शास्त्र शिकवत, आणि निरोपाच्या वेळीही त्यांनी धडाच दिला. "पैऱ्याला गेल्यावर आपल्या रानासारखं राबायचं. कमी राबलीस तर दुसऱ्या कोणाला कळत नाही, पण तुला कळतं." मी मनात म्हटले, मी नकाशे काढायला चालले आहे, घेवडा काढायला नव्हे. एसटी ओढ्यावरच्या पुलावर आली तेव्हा पारूकाकीच्या रानात वाकलेल्या बायका दिसल्या. त्यांतली एक सरळ उभी राहिली आणि उपटलेले घेवड्याचे झाड तसेच हातात धरून तिने हात वर केला. ती आई होती. पुढच्याच क्षणी ती पुन्हा वाकली. हा निरोप मला समजायला काही वर्षे लागली.

मी आयटीआयमधून आरेखनाचा, म्हणजे इमारतींचे नकाशे काढण्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. मामा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते आणि कोपरखैरण्याला राहत. त्यांच्या घरी माझी सोय झाली. मामांच्या टोळीतले सगळे आपल्याच भागातले. बोलणे असे, की डोळे मिटले तर आपण कोरेगावच्या आठवडी बाजारात उभे आहोत असे वाटावे. मामांनी पहिल्याच दिवशी बजावले, "ऑफिसात जरा शुद्ध बोल, हितल्यासारखं. घरात आपलं हाय तसं चालू दे." मामी आतून म्हणाली, "आन् सोताला यवढ्या वर्सांत शुद्ध एक शब्द यीना."

वाशीतल्या एका शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर रेगे साहेबांचे ऑफिस होते. साहेब स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारतीचे खांब, तुळया, स्लॅब यांत लोखंडाच्या सळ्या कुठे आणि किती घालायच्या, याचे नकाशे तिथे तयार होत. त्या काळात जुईनगर, नेरूळ, खारघर अशा सगळ्या नोडमध्ये, म्हणजे नव्या शहराच्या वसाहतींत, इमारती उभ्या राहत होत्या आणि कामाला तोटा नव्हता. आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने काढत असू. रेघ चुकली की ब्लेडने हलकेच खरवडायची.

त्या ऑफिसातली एक पद्धत मला पहिल्या दिवशीच खटकली. जेवायला उठताना प्रत्येक जण आपल्या ड्रॉइंग बोर्डावर वर्तमानपत्र पसरून ठेवी. मला वाटले, धुळीसाठी. नंतर कळले की शेजाऱ्यासाठी. कोणाला कोणती युक्ती साधली आहे ते दुसऱ्याला दिसू नये, म्हणून. यात दुष्टपणा होता असे मी म्हणणार नाही. ज्याला जे येते तेच त्याचे रान, असे त्यांना वाटत होते, आणि त्या रानाला ते कुंपण घालत होते.

माझ्या शेजारच्या बोर्डावर जनार्दन म्हात्रे बसत. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, तळवली गावचे. त्यांच्या वडिलांची भातशेती नव्या शहरासाठी गेलेली. एकदा घणसोलीच्या एका इमारतीची शीट काढताना ते अगदी सहज म्हणाले, "आमचे शेतावर ही सगली नवी मुंबई उभी हाय, नि आमीच तिचे नकाशे काढतू." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणून ते वाक्य मला अधिक लागले. मी गाव मागे ठेवून आले होते. त्यांनी गाव सोडलेच नव्हते. गावच त्यांच्याभोवती बदलून गेले होते.

जिन्याच्या सळ्यांचे काम म्हात्रेंसारखे कोणाला येत नसे. जिना जिथे मधल्या चौकाला, म्हणजे लँडिंगला, मिळतो, तिथल्या आतल्या कोपऱ्यात खालची सळई नुसती वाकवायची नसते. ती सरळ पुढे नेऊन वरच्या थरात अडकवायची असते. नाहीतर ताण आला की ती काँक्रीट फोडून बाहेर येऊ पाहते. मी ती वाकवून ठेवली होती. म्हात्रेंनी पाहिले आणि पुन्हा आपल्या शीटकडे वळले. त्यांचे अक्षर मात्र फार वाईट होते. रेगे साहेब त्यांच्या शीटा परत पाठवत: "म्हात्रे, हा आठ आहे की शून्याला ताप आलाय?"

अण्णांच्या हाताखाली माझे अक्षर घडले होते. मी दोन दिवस विचार केला आणि म्हात्रेंना म्हणाले, "तुमच्या शीटवरचं लिखाण मी करते. मला जिना शिकवता का?"

ते हसले. "याला तुजे गावाला काय बोलतान?"

"पैरा."

"आमचेकडं पन होता, लावनीला. ज्याचे शेतान पानी पयला लागला, त्याचे शेतान सगली. आता शेतंच नाय, तं लावनी कनाची करनार?" मग त्यांनी आपल्या बोर्डावरचे वर्तमानपत्र काढले, नीट घडी केले आणि खणात टाकले. ते पुन्हा कधी बाहेर आले नाही.

असा आमचा पैरा सुरू झाला. जिन्यानंतर पाण्याची टाकी आणि टाकीनंतर पाया, असे मी शिकत गेले. त्यांच्या शीटा परत येईनाशा झाल्या. इतर सहकारी थट्टा करत. एक जण म्हणे, "काय म्हात्रे, सेक्रेटरी ठेवली का?" म्हात्रे शांतपणे सांगत, "सेक्रेटरी नाय, मास्तरीन हाय. तुजा पन अक्षर दाखव, मारील."

दशकाच्या मध्यावर ऑफिसात संगणक आला. आधी एकच, आणि तो शिकायला साहेबांनी मला निवडले. संध्याकाळच्या क्लासची फी ऑफिसने भरली. मी तो क्लास पूर्ण केला तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. त्यांचे बोलणे मला आजही जसेच्या तसे आठवते.

"शैला, पुढच्या वर्षी आपण बोर्डं काढतोय. दोन मशीन, दोन माणसं. तू चीफ ड्राफ्ट्समन. पण एक लक्षात ठेव, हे इथे कोणाला शिकवत बसायचं नाही."

"म्हात्रेंनाही नाही?"

"स्पेशली म्हात्रेला नाही. एकदा शिकला की पळेल बेलापूरला, मोठ्या फर्ममध्ये. आपला दुसरा माणूस मी बाहेरून आणतोय, तयार."

"म्हणजे म्हात्रेंचं..."

"त्याला आत्तापासून टेन्शन नको, म्हणून बोललो नाही."

"सर, मला सगळं काम त्यांनी शिकवलं आहे."

"मग थँक्यू म्हण ना त्याला. विषय संपला."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी माझ्या शिक्षणावर खर्च केला होता आणि ऑफिस चालवायची जबाबदारी त्यांच्यावर होती. पण 'थँक्यू'ने विषय संपतो हे मला पटेना. आमच्या रानात दिवसभर राबलेल्या माणसाला आभार मानून कोणी वाटेला लावत नाही. त्याच्या रानात जावे लागते. आणि आता म्हात्रेंचे पीक वाळले होते. मी तेवढ्यात गेले नाही, तर दाणा मातीत जाणार होता.

मी मामांना विचारले. मामांच्या घरात माझ्या पदोन्नतीची बातमी पोचली होती आणि मामीने शेजारी पेढेही वाटले होते. मामा म्हणाले, "टोळीत नवा गडी आला की पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते आमी दाखवतो. न्हाई दाखवलं तर त्याची कंबर जाती. पर तुझ्या हापिसात तसं आसतं का, मला काय म्हाईत? खुर्ची जाईल तुझी. ती धरून बोल."

मामांनी निर्णय माझ्यावर सोडला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. गप्प बसायचे, किंवा साहेबांच्या नकळत शिकवायचे. दुसरी वाट सोपी दिसत होती. पण ज्याची फी साहेबांनी भरली ते त्यांच्यापासून लपवून वाटणे मला योग्य वाटले नाही. मी सकाळी केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, मी म्हात्रेंना शिकवणार आहे. लपून नाही. तुम्ही परवानगी दिलीत तर ऑफिस उघडायच्या आधी, तुमच्या मशीनवर. नाही दिलीत तर रविवारी क्लासच्या मशीनवर, माझ्या खर्चाने."

साहेबांनी चष्मा काढला. "तू काय ऑफिसात गावकी चालवतेस?"

मी क्लासच्या रविवारच्या वेळा लिहिलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"ठीक आहे. माझ्याच मशीनवर शिकव, नाहीतर तिथे भलतंच शिकवतील. पण एक शीट जरी लेट झाली तर बंद. आणि चीफचं विसर. ज्याला स्वतःची किंमत कळत नाही, त्याच्या हाताखाली मी माणसं देणार नाही."

साहेबांनी शब्द पाळला. चीफ म्हणून त्यांनी बाहेरून एक गृहस्थ आणले; ते नुसत्या शीटा तपासत. मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत, एवढेच तिने मामांना ऐकवले.

आम्ही सकाळी लवकर येऊ लागलो. म्हात्रे पहिल्या दिवशी माऊसकडे बघत राहिले. "माऊस बोलजे उंदीर ना? आमचे भातान आला तं आमी त्याला मारतू. नि इथं त्याचे पाठीवर हात फिरवाचा?" त्यांचा हात बोर्डावरच्या लांब रेघेला सरावलेला, त्यामुळे माऊस टेबलावरून खाली पडे. पण कोणती सळई कुठे हवी हे त्यांना आधीच दिसत असल्यामुळे, हात बसल्यावर ते माझ्याहून वेगाने काम करू लागले. पुढच्या वर्षी बोर्ड निघाले, बाकीचे सहकारी दुसऱ्या ऑफिसांत गेले, दुसऱ्या मशीनवर म्हात्रे बसले, आणि मशीनसाठी बाहेरून माणूस आणावा लागला नाही.

इथे लेख संपवता आला असता, तर प्रश्नाचे उत्तर सोपे झाले असते. पण वर्षभरातच म्हात्रे बेलापूरच्या एका मोठ्या फर्ममध्ये गेले. साहेबांनी सांगितले होते तसेच झाले. त्यांच्या घरात शिकणारी मुले होती, आणि तिथला पगार चांगला होता. मी त्यांना थांबा म्हणू शकत नव्हते. साहेबांनी मला एवढेच विचारले, "मग? काय मिळालं?" पैरा चालतो, कारण पुढच्या हंगामात तीच माणसे त्याच बांधाला भेटणार असतात. शहरात पुढचा हंगाम कोणी कोणाला लिहून देत नाही. पैऱ्याच्या रीतीतली ही उणीव मला तेव्हा स्पष्ट दिसली, आणि ती मी इथे झाकणार नाही.

शेवटच्या दिवशी म्हात्रे माझ्या टेबलापाशी आले. "पोरी, आता कुनाचा कुनाकडं?"

मी हिशेबी मुलगी. म्हणाले, "फिटलं सगळं. तुमचं माझ्याकडे काही नाही, माझं तुमच्याकडे काही नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "फिटला बोललीस तं मी परका झालू. थोरा बाकी ठेव."

मी थबकले, कारण हे मी आधी पाहिले होते. आई हंगामाच्या शेवटी पारूकाकीचा एक दिवस नेहमी आपल्या अंगावर ठेवी. शाळकरी वयात मी बोटे मोजून तिला दाखवी, "आई, एक दिवस चुकतोय." ती म्हणे, "राहू दे गं." मला वाटे, आईला हिशेब जमत नाही. तळवलीच्या माणसाने वाशीच्या ऑफिसात तेच सांगितले, तेव्हा मला कळले की चूक माझ्या हिशेबात होती. पूर्ण फिटलेला पैरा म्हणजे संपलेले येणे-जाणे.

"ठेवते," मी म्हणाले. "टाकीच्या शीटचा एक दिवस तुमचा माझ्याकडे आहे."

"हां," ते म्हणाले, आणि गेले. आजही ते त्या एका दिवसाची आठवण करून द्यायला अधूनमधून फोन करतात आणि मी तो देत नाही.

पुढे माझे काय झाले, तेही सांगायला हवे. बाहेरून आलेले चीफ काही काळाने दुसरीकडे गेले. दरम्यान दोन मुली नव्याने लागल्या होत्या आणि मी त्यांना जिना शिकवला होता, त्याच अटीवर: तुम्हाला जे येते ते मला आणि एकमेकींना शिकवायचे. त्या टिकल्या. एका सकाळी साहेब बाहेर आले आणि उभ्या-उभ्याच म्हणाले, "शैला, चीफची खुर्ची तू घे. आणि ती तुझी गावकी चालू दे. निदान पोरी पळत तरी नाहीत." खुर्ची मला मिळाली, पण उशिरा, आणि ती पैऱ्यामुळेच मिळाली असे मी सिद्ध करू शकत नाही. मला एवढेच म्हणता येते, की ती मिळाली तेव्हा मी पारूकाकीच्या रानाजवळून मान खाली न घालता जाऊ शकत होते.

आता मी जुईनगरला राहते, मिस्टरांबरोबर, एका सोसायटीत. माझ्या तोंडी सेक्टर, मेंटेनन्स, टेन्शन हे शब्द सहज येतात. गावी गेले की चुलत भाऊ हसतात. मागच्या गणपतीत गावी गेले तर घेवड्याला रोजगारी बायका लावलेल्या होत्या. पारूकाकी आता नाही. तिचा तुकडा दुसऱ्याने घेतला आहे. पैऱ्याला कोण जाते, असे विचारले तर भाऊ म्हणाला, "आता कुणाला सवड हाय?" मला वाईट वाटले, पण दोष देता आला नाही. मी स्वतःच एक राबता हात त्या रानातून काढून घेऊन आले होते.

या उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. आठवडाभर तिला करमेना. मग एके दिवशी मी ऑफिसातून आले, तर सोसायटीच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि समोरच्या सावंतवहिनी आईशेजारी बसून राखण करत होत्या. आईने शेजारीण शोधली होती, गव्हाचा चीक शिजवला होता आणि पैरा ठरवूनही टाकला होता: आज आमच्या कुरडया, परवा त्यांच्या फेण्या. सावंतवहिनी मालवणच्या, त्यांना पैरा हा शब्द ठाऊक नव्हता, पण रीत समजायला त्यांना काही अडचण आली नाही.

आई परत निघाली तेव्हा मी रजा घेऊन तिला एसटीवर सोडायला गेले. खिडकीतून ती म्हणाली, "सावंतबाईंचा एक दिवस हाय माझ्या अंगावर."

"मी फेडीन," मी म्हणाले.

"तू नको फेडूस," आई म्हणाली. "मी येईन."

गाडी हलली. तिने हात वर केला, अगदी त्या दिवशीसारखा. या वेळी हातात घेवडा नव्हता, पण मला तो दिसला. घर म्हणजे काय, असे मला आता कोणी विचारले तर मी सांगेन: जिथे आपला एक दिवस बाकी आहे ते. या व्याख्येने माझे गाव घर आहे, जुईनगरची ती गच्ची घर आहे, आणि बोर्ड निघून गेले तरी वाशीचे ते ऑफिसही आहे.

तर मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे: पैरा शहरात पाळता येतो, काही वेळा त्याने माणूस मागे राहतो, आणि तरीही तो पाळण्यासारखा आहे. परंतु हे एका बाईच्या एका ऑफिसातले निरीक्षण आहे, नियम नव्हे. म्हणून वाचणाऱ्यांना विनंती आहे, की माझ्या शब्दावर विसंबू नका. तुम्ही गावात असा वा बाहेर, तुम्हाला चांगले येणारे एखादे काम शेजारच्या माणसाला शिकवा, त्याच्याकडून एक शिका, शेवटी थोडे बाकी ठेवा. आणि काय होते ते स्वतः पडताळून पाहा.